हित्ती नक्की कोण? इंद्र-वरुणवाले का बायबलवाले?

कोपरखैरणेकर

नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची टाकी कधी धुवायची ते चाललं होतं, तेवढ्यात बी विंगमधल्या एकाने फॉरवर्ड टाकला की तुर्कस्तानात साडेतीन हजार वर्षांपूर्वी हिट्टाइट नावाचे लोक इंद्र-वरुणाची पूजा करायचे आणि हे आपल्याला शाळेत मुद्दाम शिकवत नाहीत. त्याखाली आमच्या शेजारचे काका, मूळ नगरकडचे ख्रिस्ती, रोज सकाळी बायबल वाचतात, त्यांनी एवढंच लिहिलं की हे तर आमचे हित्ती, अब्राहामाने यांच्याकडूनच कबरीसाठी जागा घेतली. झालं. दोन तास नुसती जुंपली, शेवटी सेक्रेटरीने ग्रुप ओन्ली ॲडमिन केला आणि टाकीचं राहिलंच.

आता लेक आठवीत आहे, ती विचारते बाबा खरं कोण बोलतंय, आणि माझी गाडी मेसोपोटेमियाच्या पुढे जात नाही. तर हे हित्ती आणि हिट्टाइट एकच का? आणि इंद्राचं खरं आहे का? कृपया यूट्यूबच्या लिंका नकोत, भानगड तिथूनच सुरू झालीये.

खाडीकाठ

हिट्टाइट हा इंग्रजीतून आलेला उच्चार आणि हित्ती हा मराठी बायबलातला, शब्द एकच. माणसं एकच का, ते जरा गुंतागुंतीचं आहे.

आधी फॉरवर्डचं बघू. तो अर्धा खरा आहे आणि अर्धा खरा फॉरवर्ड पूर्ण खोट्यापेक्षा जास्त डोकं खातो. हित्तींची राजधानी हत्तुशा, आजच्या तुर्कस्तानात अंकाराच्या पूर्वेला बोगाझकाले गावाजवळ. १९०६ पासून ह्युगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी तिथे खोदकाम केलं तेव्हा मातीच्या पाट्यांचं अख्खं दफ्तर सापडलं, आजवरचे तुकडे धरून तीस हजारांच्या आसपास. त्यातला एक करार आहे, हित्ती राजा पहिला शुप्पिलुलिउमा (हे नाव मी कॉपी-पेस्ट करतो, टाइप करत नाही) आणि शेजारच्या मितन्नी राज्याचा शत्तिवाझा यांच्यातला, इ.स.पू. चौदाव्या शतकातला. त्या काळी करार करताना साक्षीला देव बोलवायचे, दोन्ही पक्ष आपापले. त्या लांबलचक यादीत मितन्नीच्या बाजूने मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. नासत्य म्हणजे आपले अश्विनीकुमार. म्हणजे देव मितन्नीवाल्यांचे, कागद हित्तींच्या कपाटात सापडला. उद्या माझ्या कपाटात तुमचं ॲग्रीमेंट सापडलं म्हणून तुमचा फ्लॅट माझा होत नाही ना, तसं. आणि मितन्नीत तरी काय, सामान्य लोकांची भाषा हुर्री, संस्कृतशी काही संबंध नाही, फक्त राजघराण्याची नावं, हे चार देव आणि घोड्यांच्या कामातले काही शब्द आपल्या ओळखीचे.

ते घोड्यांचं लेकीला सांगाच. मितन्नीचा किक्कुली नावाचा अश्वशिक्षक हित्तींकडे होता, त्याचं घोडे तयार करण्याचं पुस्तकच पाट्यांवर आहे, आज किती पळवायचा, किती वैरण, कधी पाण्यात घालायचा, सगळं दिवसवार. घोड्याला किती फेऱ्या मारायला लावायच्या ते सांगताना शब्द येतात ऐकावर्तन्ना, तेरावर्तन्ना, पांझावर्तन्ना, सत्तावर्तन्ना, नावर्तन्ना. एक, तीन, पाच, सात, नऊ. तेरा म्हणजे तीन हां, आपलं तेरा नव्हे. आणि वर्तन म्हणजे फिरणं, आवर्तनातलं.

तलावपाळी

बायबलचं मी सांगते, चर्चच्या संडे स्कूलमध्ये बारा वर्षं शिकवलंय.

काका म्हणतात ते उत्पत्तीच्या २३व्या अध्यायात आहे. सारा वारली, अब्राहाम परदेशी माणूस, पुरायला स्वतःची जागा नाही, म्हणून तो हेब्रोनला एफ्रोन हित्तीकडे मकपेलाची गुहा मागतो. भाव काय असेल तो पूर्ण देतो म्हणतो. एफ्रोन चारचौघांसमोर, वेशीत, म्हणतो छे छे, शेत पण घ्या, गुहा पण घ्या, दिली तुम्हाला. अब्राहाम वाकून नमस्कार करून म्हणतो नाही, पैसे घ्याच. मग एफ्रोन हळूच म्हणतो, चारशे शेकेल चांदीची जमीन, तुमच्या-माझ्यात ते काय एवढं! आम्ही नौपाड्यात जागा घेतली तेव्हा मालक अगदी हेच बोलला होता, "वहिनी, आपल्यात काय पैशांचं, घर तुमचंच समजा", आणि पुढच्या वाक्यात असा आकडा की चहा घशात अडकला. शेकेल साधारण अकरा ग्रॅमचा धरला तर ही चार-साडेचार किलो चांदी झाली. यिर्मया संदेष्टा पुढे शेत घेतो ते सतरा शेकेलला, आता तुम्हीच बघा. पण अब्राहाम घासाघीस करत नाही, व्यापाऱ्यांत चालेल अशी चांदी मोजून देतो, आणि सौद्यात शेतातली झाडंसुद्धा धरलेली आहेत.

दुसरा हित्ती म्हणजे उरीया, बथशेबाचा नवरा. दावीद राजाच्या सैन्यात, त्याच्या निवडक वीरांची जी यादी आहे तिच्यात सगळ्यात शेवटचं नाव याचं. दावीदाने त्याच्या बायकोशी संबंध ठेवले, तिला दिवस गेले, मग प्रकरण झाकायला उरीयाला लढाईवरून घरी बोलावलं. हा घरी जाईना, म्हणे माझे सोबती उघड्यावर झोपलेत आणि मी घरी जाऊन खाऊपिऊ? राजवाड्याच्या दारात झोपला. शेवटी त्याला लढाईच्या तोंडावर ठेवून मरू द्या असं पत्र राजाने सेनापतीला लिहिलं आणि ते दिलं उरीयाच्याच हातात. मला तर अख्ख्या गोष्टीत हा परका माणूसच जास्त सरळ वाटतो, मुलांनाही मी तसंच सांगायचे.

आणि एक, पूर्वी मोठमोठे विद्वान म्हणायचे की हित्ती नावाचे लोक झालेच नाहीत, बायबलने बनवलेत, मग हत्तुशा सापडली आणि सगळे गप्प.

खाडीकाठ

ताई, एफ्रोनचं एक नंबर. पण शेवटचं थोडं फुगवून सांगितलं जातं. इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवर खेता म्हणून यांचं नाव आहे आणि अश्शूरी (असीरियाच्या) लेखांत हत्ती म्हणून (प्राणी नव्हे, नावच तसं), ते एकोणिसाव्या शतकातच वाचलेलं होतं. राज्य एवढं मोठं असेल ही कल्पना नव्हती, ते खरं. यांनी इ.स.पू. १२७४ च्या सुमारास सीरियातल्या कादेशला इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्याशी रथांची मोठी लढाई केली, रामसेसने आपणच जिंकलो म्हणून देवळं भरून कोरून ठेवलं, आणि पंधराएक वर्षांनी दोघांनी तह केला. कादेश मात्र हित्तींकडेच राहिलं, काय ते समजा. त्या तहाची प्रतिकृती आज न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत लावलेली आहे.

भाषेचं राहिलं. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक माणसाने ती उलगडली, एका वाक्यावरून. भाकरीचं चिन्ह माहीत होतं, पुढे एझ्झातेनी, आणि मग वातार. वातार म्हणजे पाणी, इंग्रजी वॉटर आठवा. एझ्झा म्हणजे खाणे, आपला अद् धातू, ज्यातून अन्न आलं. भाकरी खाल, पाणी प्याल, एवढंच वाक्य. म्हणजे हित्ती भाषा आपल्या भाषांची लांबची चुलती आहे. फॉरवर्डवाल्याने हे सांगितलं असतं तर मी पण पुढे पाठवला असता.

गावठाणातला

मूळ प्रश्न राहिला बाजूला, दोन्ही हित्ती एकच का. मी घणसोली गावातला आगरी, मला हे पटकन समजतं. आमच्या गावाचं नाव सिडकोने अख्ख्या नोडला दिलं, आता टॉवरमधला माणूस पण सांगतो मी घणसोलीकर, आणि आमची तक्रार नाही, गावदेवीला येतो, पाया पडतो. तिकडे पण तेच झालंय. हत्ती हे नाव आधीच्या लोकांचं, त्यांची भाषा साफ वेगळी. नंतर आलेल्यांनी राज्य घेतलं, नाव तेच ठेवलं, देव पण ठेवले, त्या देवांपुढे मंत्र जुन्याच भाषेत म्हणायचे. स्वतःच्या भाषेला मात्र ते नेशा शहरावरून नेशिली म्हणायचे, आता बोला.

मग इ.स.पू. १२०० च्या आसपास ते राज्य कोसळलं, हत्तुशा ओस पडली. पण नाव खाली सरकलं. सीरियात कार्केमिश वगैरे छोटी राज्यं उरली, त्यांना हत्तीच म्हणत, कार्केमिश पण इ.स.पू. ७१७ ला अश्शूरच्या दुसऱ्या सार्गोनने घेतलं. तरी नाव जाईना. बाबेलच्या बखरीत नबुखद्नेस्सर इ.स.पू. ५९७ ला यरुशलेम घेतो, तिथे लिहिलंय राजा हत्ती देशात गेला. म्हणजे तोवर यरुशलेमच हत्ती देशात! एफ्रोनचं हेब्रोन हत्तुशापासून नऊशे किलोमीटरहून लांब आणि त्याचं नाव पण तिकडचं नाही, सेमिटिक. माझ्या मते तो तिथलाच स्थानिक, फक्त नाव हित्ती. पण बायबलात राजांच्या दुसऱ्या पुस्तकात सातव्या अध्यायात वेढा घालणारं सैन्य रथांचा आवाज ऐकून, हित्तींचे राजे आले म्हणून तंबू टाकून पळतं, ते राजे बहुतेक हे सीरियावाले. काका बरोबर, फॉरवर्डवाला पाव बरोबर.

कोपरखैरणेकर

सगळ्यांचे आभार. ग्रुप उघडला, मी तुमचं सगळं थोडक्यात टाकलं, काकांनी अंगठा दिला, बी विंगवाल्याने काहीच नाही दिलं पण टाकीची तारीख ठरली. तलावपाळी ताई, एफ्रोनचा किस्सा काकांना वाचून दाखवला तर म्हणाले इतकी वर्षं वाचतोय, मला वाटायचं बिचारा खरंच फुकट देत होता.

लेक आता लिफ्टमध्ये किक्कुलीचे आकडे म्हणत मजले मोजते. ऐका म्हणते आणि दुसऱ्यालाच अडते, कारण तुमच्या यादीत दोन नाही. आम्ही सहाव्यावर राहतो, म्हणजे आमचा पण नाही.