पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर तासभर चालणं: घड्याळ ४३० कॅलरी, ॲप २७५, ट्रेडमिल ३६०. धरायचा आकडा कोणता?

सांतइनेजकर
वजन ७२ किलो, वय ४६. रोज एक तास, वेग ताशी ५.५ किलोमीटर. मिरामारच्या वाळूवर चाललं की मनगटावरचं घड्याळ ४३० कॅलरी दाखवतं, फोनमधलं पावलांचं ॲप २७५. पावसाळ्यात जिममध्ये त्याच वेगाने ट्रेडमिलवर ३६० येतात. जेवण या आकड्यावर बेतायचं आहे, म्हणून दीडशेचा फरक परवडत नाही. कोणावर विसंबावं?

म्हापशेकर
आधी कागदावर मांडूया. सपाट रस्त्यावर चालताना दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, याचं साधं सूत्र आहे: मिनिटाला जितके मीटर त्याचा दहावा भाग, अधिक ३.५. तुमचा वेग मिनिटाला ९२ मीटर, म्हणजे ९.२ अधिक ३.५, एकूण १२.७. ७२ किलोला ते मिनिटाला ९१४ मिलिलिटर झाले. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलरी, म्हणून तासाला २७४. ॲपचा आकडा याच वाटेने आला असणार.

पण त्यातला ३.५ चा भाग, म्हणजे तुमच्या बाबतीत तासाला ७५ कॅलरी, खुर्चीत बसूनही खर्च झालाच असता. चालण्यामुळे वाढलेला खर्च फक्त २०० चा. जेवणाच्या हिशोबात २७४ धरले तर ते ७५ दोनदा मोजले जातात. बहुतेकांची चूक नेमकी इथे होते.

आता ट्रेडमिल. तुमच्या वेगाला दर एक टक्का चढामागे तासाला ३६ कॅलरी वाढतात. सपाट पट्ट्यावर ३६० यायचे तर माणूस ९५ किलोचा हवा, नाहीतर अडीच टक्के चढ हवा. चढ शून्य असेल तर यंत्राने तुमचं वजन धरलेलंच नाही. सुरुवातीला वजन विचारतं तेव्हा ते भरा. पट्ट्याचा वेगही तपासा: पट्ट्यावर खडूने रेघ मारा आणि त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा ती ३ मीटर निघाली, तर ५.५ वर २० फेऱ्यांना ३९ सेकंद लागायला हवेत. ४३ लागले तर पट्टा मागे आहे. हे मोजताना कोणीतरी वर चालत असलं पाहिजे, कारण रिकामा पट्टा वेगळा पळतो. आणि दांडा धरून चालू नका. वजन हातांवर गेलं की खर्च घटतो, पडद्यावरचा आकडा मात्र तसाच राहतो.

पर्वरीची डॉक्टर
घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते नाडी मोजतं आणि वय, वजन, उंची घालून अंदाज बांधतं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डने ६० जणांवर सात मनगटी यंत्रं तपासली. सातांपैकी सहांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सगळ्यांत चांगलं यंत्रसुद्धा २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी.

आपल्याकडच्या हवेत त्यात भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत घाम वाळतच नाही, शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, आणि वेग तोच असूनही तासाच्या शेवटी नाडी १०-१५ ठोक्यांनी वर जाते. घड्याळाला वाटतं मेहनत वाढली. घड्याळाचा पट्टा सैल असेल तर आणखी एक घोळ होतो: हिरव्या प्रकाशाचा सेन्सर हाताच्या झोक्यालाच नाडी समजतो आणि मिनिटाची ११०-१२० पावलं नाडी म्हणून दाखवतो. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. मध्येच थांबून दोन बोटांनी १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा, आणि पडद्याशी ताडून बघा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर हे नाडी मंद करणारं औषध चालू असेल तर नाडी दबलेली राहते. मग घड्याळाचा अंदाज उलट कमी निघतो.

दिवाडी सायकल
सांतइनेजकर बाब, वाळू कोणती ते सांगितलंच नाही. ओहोटीला पाण्याकाठची ओली, घट्ट वाळू जवळजवळ रस्त्यासारखी. भरतीला लोक वर सरकतात, आणि कोरड्या वाळूत टाच रुतते, पाऊल मागे घसरतं. तिथे त्याच वेगाला चालण्याचा खर्च दुप्पट ते अडीचपट होतो. ॲपला यातलं काहीच कळत नाही. नाडीवाल्या घड्याळाला थोडंफार कळतं, म्हणून ४३० पूर्ण खोटा म्हणता येणार नाही.

 

सांतइनेजकर
साधारण २० मिनिटं कोरडी वाळू, बाकी ओली. नाडी बोटांनी ११२ आली, घड्याळावर ११४.

म्हापशेकर
म्हणजे सेन्सर ठीक आहे, पुढचा अंदाज फुगलेला आहे. तासाला वाढीव २०० धरून ओल्या वाळूची ४० मिनिटं १३३, कोरडीची २० मिनिटं १३० ते १६५. वाढीव खर्च २६५ ते ३००. कोरड्यात वेग मंदावत असेल तर २५०. ट्रेडमिलच्या दिवशी २००.

पर्वरीची डॉक्टर
याची खातरजमा वजनकाट्यावर होते. चार आठवडे रोज सकाळी, शौचानंतर, पाणी पिण्याआधी वजन घ्या. पहिल्या आणि चौथ्या आठवड्याची सरासरी काढा. त्या दोन सरासऱ्यांमध्ये २१ दिवसांचं अंतर धरायचं. समजा नोंदीप्रमाणे रोज २१०० कॅलरी खाल्ल्या आणि सरासरी ०.६ किलोने उतरली. एका किलोला ७७०० धरून ४६२० झाल्या, २१ ने भागून रोज २२०. म्हणजे दिवसाचा एकूण खर्च २३२०. यात चालणं, वाळू, उकाडा सगळं आलं. एका दिवसाच्या वजनावर जाऊ नका. खारं सुकं नुस्तं (मासळी) खाल्लेल्या रात्रीनंतर पाण्यानेच काटा वर जातो.

खाण्याची नोंद मात्र तराजूवर करा. हुमणातलं (खोबऱ्याच्या आमटीतलं) ओलं खोबरं १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, तळणीचं तेल मोठ्या चमच्याला १२०, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम काजू १६५. शीत (शिजलेला भात) वाढल्यावर वजन करा, १०० ग्रॅमला १३०. खोबरं वाटणात घालण्याआधीच मोजायचं आणि घरात किती वाट्यांत वाटलं गेलं त्याने भागायचं.