बेळगावच्या गणपत गल्लीत चारचाकी न्यायची तर पैसे मोजा. पटतंय का?

काँग्रेसरोडकर:
परवा शनिवारी सासूबाईंना घेऊन गणपत गल्लीत गेलो. ओटीचं सामान आणायचं, दहा मिनिटांचं काम. टिळकवाडीतनं निघालो तर रेल्वेच्या दुसऱ्या गेटलाच अडकलो, मालगाडी होती, डबे मोजत बसलो, चाळीसच्या पुढं गेल्यावर नाद सोडला. पुढं मारुती गल्लीच्या तोंडाला जी गाडी थांबली ती थांबलीच. माझ्या पुढं चार गाड्या, चारीत एकेक माणूस. सासूबाई शेवटी वैतागून उतरल्या, चालत गेल्या, खण-नारळ घेतलं, उसाचा रस प्याल्या आणि परत आल्या तेव्हा माझी गाडी तीन दुकानं पुढं सरकलेली. वर मलाच म्हणतात, जावईबापू, गाडी घरात ठेवून आला असता तर तुम्हालाही रस मिळाला असता.
तेव्हापासनं डोक्यात आहे. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली एवढ्या भागात सकाळी दहा ते रात्री आठ चारचाकी आणायची असेल तर पन्नास रुपये लावा. फास्टॅग सगळ्यांकडं आहेच, कॅमेरा बसवला की झालं. लंडनला २००३ पासनं आहे, सिंगापूरला तर १९७५ पासनं. बेंगळूरलाही अधनंमधनं अशा कराची चर्चा निघतेच. नुसती गर्दी नाही ओ, जागेवर उभी छोटी गाडीसुद्धा तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पिते, आणि लिटरभर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बोला.

उद्यमबागवाला:
बोलतो की. गाडी घेताना लाइफटाइम टॅक्स भरला, कर्नाटकात तो किती आहे माहिती आहे न्हवं, दहा लाखाच्या वरची गाडी असली तर सतरा-अठरा टक्के, त्याच्यावर परत सेस. पेट्रोल भरताना केंद्राचा कर, राज्याचा कर, त्यातच रस्त्यासाठी म्हणून वेगळा सेस. पुण्याला निघालो की हत्तरगी, मग कोगनोळी. धारवाडकडं निघालो की हिरेबागेवाडी. गोव्याला निघालो की गणेबैल. बेळगावातनं कुठल्याही बाजूला तोंड केलं की नाका आहे मर्दा. आता घरातनं बाजारात जायलाही नाका? उद्या देवघरात जायला पण लावा.

मुक्काम_निपाणी:
+१ उद्यमबागवाला.
आणि काँग्रेसरोडकर साहेब, लंडन लांब आहे, कोल्हापूर जवळ आहे. तिथं गावातले रस्ते केले म्हणून गावाच्या तोंडाला टोल लावला होता, आठवतंय? एन. डी. पाटील सर, पानसरे अण्णा रस्त्यावर उतरले, बायका-पोरं उतरली, नाके पेटले, आणि २०१५ च्या शेवटी सरकारला तो टोल रद्द करायला लागला. आम्ही रोज कोल्हापूरला जाऊन येणारी माणसं, सगळं बघितलंय. बेळगावात लावून बघा, दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याला हार घातलेला असंल.

काँग्रेसरोडकर:
अहो कोल्हापूरचा टोल रस्ता बांधल्याचे पैसे काढायला होता, गर्दी कमी करायला न्हवता. दोन्ही वेगळं. तिथं जितक्या जास्त गाड्या येतील तितका टोलवाल्याचा फायदा. मी म्हणतोय त्यात गाड्या कमी आल्या तरच ते यशस्वी.

मुक्काम_निपाणी:
खिशातनं जाताना दोन्ही नोटा सारख्याच दिसतात साहेब.

शहापूरची_अक्का:
सगळे पुरुष गाड्यांवरच बोलालेत म्हणून मध्ये पडते. मी स्कूटर विकली. खरंच. ११ जून २०२३ ला बायकांना बस फुकट झाली, त्याच्यानंतर सहा महिन्यात विकली. शहापूरहून बसस्टँडला, तिथनं कामावर. महिन्याचं दीड हजाराचं पेट्रोल वाचलं. पण हे पण सांगते, सकाळी साडेनऊची बस आली तर दारात माणूस लोंबकळत असतो आणि दोनदा तर न थांबताच गेली, पाऊस असला की साडी पोटरीपर्यंत भिजलेली. बायका बसमध्ये आल्या पण बसा वाढल्या कुठं? आमच्या मिस्टरांना म्हटलं तुम्ही पण या बसनं, ते म्हणतात मला तिकीट पण काढायचं आणि लोंबकळायचं पण, दोन्ही का? त्यांचं पण खोटं नाही.
म्हणून म्हणते, आधी बस द्या, मग पन्नास काय शंभर लावा. उलटं करू नका.

चोर्लाघाट_वळण_१७:
अक्कांनी मुद्द्याला हात घातला. माझा पुतण्या लंडनला असतो, म्हणून मी हे सगळं जरा वाचून काढलंय, लांब होईल, चालवून घ्या. १७ फेब्रुवारी २००३ ला तिथं पाच पौंड लावले. पण त्याच दिवशी आधीपेक्षा तीनशेच्या आसपास बसा जास्त सोडल्या, आणि गोळा झालेला पैसा वाहतुकीवरच घालायचा हे कायद्यातच होतं. पहिल्या वर्षी आत येणाऱ्या गाड्या १८ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढं काही वर्षांनी कोंडी परत पहिल्यासारखी झाली ते पण खरं, कारण रस्ते खणले, बसला आणि चालणाऱ्याला जागा दिली, मग मोटारीला उरलेली जागा कमी. म्हणजे विरोधकांचं पण पूर्ण चूक नाही. स्टॉकहोमचं उदाहरण मला जास्त आवडतं. २००६ मध्ये सात महिने नुसती ट्रायल घेतली. आधी बहुतेक लोक विरोधातच. गाड्या विसेक टक्के कमी झाल्या. मग ट्रायल संपली, पैसे बंद, आणि गाड्या लगेच परत आल्या! ते लोकांनी डोळ्यानं बघितलं आणि सप्टेंबरात मतदान घेतलं तर गावानं हो म्हटलं. दुसरीकडं एडिंबरानं २००५ ला आणि मँचेस्टरनं २००८ ला मतदानात सपशेल नाही म्हटलं, मँचेस्टरला तर जवळजवळ ७९ टक्के नाही. तिथं आधी मतदान होतं, ट्रायल नव्हतीच. माणूस न बघितलेल्या गोष्टीला नाहीच म्हणतो, आमची आई मिक्सरला पण नको म्हणाली होती.

उद्यमबागवाला:
ब्रिटनमध्येच २००७ ला रस्त्याच्या कराविरुद्ध १८ लाख लोकांनी सरकारला अर्ज केलेला, ते पण सांगा की पुतण्याचे काका. आणि माझा साधा प्रश्न, पेट्रोलवरचा कर हाच तर रस्त्याचा कर आहे. जो जास्त फिरतो तो जास्त भरतो, ज्याची गाडी जास्त धूर सोडते तो जास्त भरतो. कॅमेरा नको, माणूस नको, काय नको. याच्यापेक्षा चांगली सिस्टम दाखवा.

काँग्रेसरोडकर:
दाखवतो. पहाटे तीनला हत्तरगीच्या मोकळ्या हायवेवर एक लिटर जाळलं आणि संध्याकाळी सहाला गणपत गल्लीत एक लिटर जाळलं, दोन्हीला कर तेवढाच. पहिल्यात कुणाचं काय अडलं नाही. दुसऱ्यात मागच्या दोनशे माणसांची पंधरा-पंधरा मिनिटं गेली, त्याचं बिल कुणी भरलं? आणि इलेक्ट्रिक गाडीवाला पेट्रोलचा कर भरतच नाही, जागा मात्र तेवढीच अडवतो.

मुक्काम_निपाणी:
पेट्रोलचं नाव काढलं म्हणून सांगतो, आमच्याकडं अख्खं कागल येऊन टाकी फुल्ल करून जातं, कर्नाटकात स्वस्त म्हणून. आणि बेळगावातल्या कित्येक गाड्यांची पाटी एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरची, कारण टॅक्स तिकडं कमी. बॉर्डरवरच्या माणसाला कर शिकवू नका, आम्ही कर बघून पलीकडं उडी मारतो. तुमचं पन्नास रुपयाचं कुंपण घातलं तर अर्ध्या गाड्या गल्लीबोळातनं वळसा घालून घुसतील, तिथं कॅमेरा कोण लावणार?

येळ्ळूर_शिवार:
मी शेतकरी माणूस, गाडी म्हणजे बाइक आणि भावकीत मिळून एक ट्रॅक्टर. तुमची चर्चा वाचत होतो गप्प. बेळगावात गर्दी झाली की साहेबलोक काय म्हणतात, बायपास करा, रिंगरोड करा. हालगा-मच्छे बायपास कुठनं काढला, आमच्या पिकाऊ जमिनीतनं. बासमती पिकणारी काळी जमीन आहे ती ओ. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, हालगा इकडची माणसं उभ्या पिकात आडवी झोपली, कोर्टात गेली. माझ्या चुलत्याच्या बांधावर मशीन आलं तेव्हा भात पोटरीला आलेलं. त्यानं मशीनवाल्याला एवढंच विचारलं, महिनाभर थांबता येत न्हाई का? तो म्हणाला, मामा मला फक्त चालवायला सांगितलंय.
तर गर्दीला पैसे लावून जर एक रस्ता कमी बांधायला लागत असेल, तर लावा. पन्नास नको, दोनशे लावा. तुमच्या पन्नास रुपयाचं दुखणं आणि आमच्या गुंठ्याचं दुखणं एका तागडीत घालून बघा.

उद्यमबागवाला:
दादा तुमचं वाईट वाटतं, मनापासनं. पण तुमच्याच ट्रॅक्टरचं बोलू की. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून, मागं लाइट न्हाई, रिफ्लेक्टर न्हाई, टेपरेकॉर्डर मोठ्यानं लावून रस्त्याच्या मधनं जातात. रस्ता कार उखडते का? एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं, इंजिनिअरिंगला शिकलोय. मग वजनावर पैसे लावा, कारवर कशाला.

येळ्ळूर_शिवार:
ऊस आमच्यात न्हाईच, आमच्यात भात. चिक्कोडी-गोकाकवाल्यांना विचारा. पण रिफ्लेक्टरचं बरोबर आहे. ते लावायलाच पाहिजेत, पोरं मरतात.

शेकोटी_कणकुंबी:
हवामान बदल वगैरे सगळं थोतांड आहे. आमच्यात पाऊस आजोबाच्या काळी पण असाच पडायचा. घाटात दरड आजोबाच्या काळी पण पडायची. एका गल्लीतल्या गाड्या थांबवून ढग थांबणार काय?

चोर्लाघाट_वळण_१७:
एका गल्लीनं ढग थांबत न्हाईत, मान्य. आणि कुठलाही एक पूर दाखवून हा त्याच्यामुळंच असं म्हणता येत न्हाई, ते पण मान्य. पण हवा एक अंशानं तापली की ती सात टक्के जास्त वाफ धरते, हे साधं विज्ञान आहे, मग पडतो तेव्हा तुंबून पडतो. २०१९ ला ऑगस्टात पुणे-बेंगळूर हायवे बंद, परत २०२१ ला जुलैत यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर. मी २०२१ ला निपाणीच्या अलीकडं अडकलो होतो, रात्रभर गाडीत. पुढं एक दुधाचा टँकर होता, ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, पहाटे त्यानं व्हॉल्व्ह उघडून रस्त्याकडंला दूध सोडलं, नासायला लागलं म्हणून. पांढरं पाणी डांबरावरनं चिखलात जाताना बघितलं. तुमच्या आजोबांच्या काळात चारपदरी हायवे असा दोनदा तीन वर्षांत बंद पडला असता तर त्यांनी पण विचार केला असता.

शेकोटी_कणकुंबी:
आजोबांच्या काळात चारपदरी नव्हताच. भराव घालून पाणी तुम्हीच अडवलंय.

चोर्लाघाट_वळण_१७:
हे मात्र बरोबर बोललात. दोन्ही कारणं आहेत.

खानापूरचा_मास्तर:
मी रोज खानापूर-बेळगाव. गणेबैलचा हिशोब सांगतो, म्हणजे पैसे लावण्याची आपल्याकडची पद्धत कळेल. १५ ऑगस्ट २०२५ पासनं वार्षिक पास आला, तेव्हा तीन हजारात दोनशे खेपा. स्वस्त वाटलं, खेप पंधरा रुपयाला पडायची. पण माझ्या रोज दोन खेपा, शंभर दिवसात पास संपला. वीस किलोमीटरच्या आतल्यांना महिन्याचा लोकल पास आहे साडेतीनशेच्या आसपास, तो मला परवडतो. आता गंमत बघा, मी जितका जास्त फिरीन तितकी माझी खेप स्वस्त. आणि वर्षातनं चारदा गोव्याला देवदर्शनाला जाणारा प्रत्येक वेळी पूर्ण टोल भरतो. गर्दी मी करतो, दंड त्याला. काँग्रेसरोडकरांची आयडिया याच्या बरोबर उलटी आहे म्हणून मला आवडली, आणि माझ्याच खिशाला लागणार म्हणून आवडली न्हाई. मी वर्गात असतो तर स्वतःला दहापैकी चार दिले असते.

शहापूरची_अक्का:
मास्तर तुम्ही रेल्वेनं का येत न्हाई?

खानापूरचा_मास्तर:
वेळ जुळत न्हाई ताई. शाळेची घंटा पॅसेंजरसाठी थांबत न्हाई.

गल्लीतला_दुकानदार:
सगळे बोलून झाले असतील तर आमचं पण ऐका. माझं दुकान गणपत गल्लीत, कापडाचं, तिसरी पिढी. चारचाकीवालं गिऱ्हाईक बंद झालं की ते हायवेकडंच्या मोठ्या शोरूमला जाणार, तिथं पार्किंग फुकट. पण खरं सांगायचं तर गाडीवाला माझ्या दारात गाडी लावून तासभर तिसऱ्याच दुकानात जातो आणि माझं गिऱ्हाईक दारातनं आत शिरू शकत न्हाई. गणपतीच्या आधी गाड्या बंद करतात ते आठ दिवस माझा वर्षातला सगळ्यात चांगला धंदा होतो. आता ते गणपतीमुळं की गाड्या बंदमुळं, मला पण कळत न्हाई. स्टॉकहोमसारखी ट्रायल घ्या. पण श्रावणात घ्या, दिवाळीत नको. दिवाळीत घेतली तर मी पण कॅमेऱ्याला हार घालायला येणार.

मुक्काम_निपाणी:
हार मी आणतो, नारळ तुम्ही आणा.

काँग्रेसरोडकर:
श्रावणात एक महिना, त्या महिन्यात शहापूर, वडगाव, अनगोळवरनं दर दहा मिनिटाला बस, आणि आलेला पैसा बसलाच. अक्का, चालेल?

शहापूरची_अक्का:
बस आधी एक महिना. मग बोलू.

उद्यमबागवाला:
मी अजून विरोधातच आहे हं. नोंद करा. आणि खानापूर रोडला कुणी असाल तर कळवा, आत्ता रांग किती आहे? सहाला घरी पोचायचं होतं.

खानापूरचा_मास्तर:
मी रांगेतच आहे, म्हणून तर एवढं टाइप केलं. पुढच्या वडापवाल्याच्या फास्टॅगमध्ये बॅलन्स न्हाई, तो घरी पोराला फोन करून रिचार्ज करायला सांगतोय, पोराला ओटीपी सापडंना. तुम्ही चहा पिऊनच निघा.