अनुभव धागा : लहानपणी शेवटपर्यंत वाचलेली कादंबरी (आणि अर्धवट टाकलेलीसुद्धा)

कन्नमवारनगरची आठवी

नमस्कार. मी विक्रोळीला राहते, सेमी इंग्लिशला आहे. घरी पुस्तकांवर बोलून बोलून सगळ्यांचे कान किटवलेत म्हणून मावशी म्हणाली, बाहेर जाऊन बोल. तर आधी माझी मतं, मग तुमचे अनुभव सांगा.

मुलांच्या कादंबरीत मोठ्या माणसांनी कमीत कमी यावं. फास्टर फेणे मला आवडतो तो यासाठीच. फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात शिकतो, सायकल काढतो आणि सुटतो. मध्येच कोणी थांबवून ‘बाळा, यातून काय शिकलास?’ असं विचारत नाही. भा. रा. भागवतांनी हे लिहिलं तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती, तरी वाचताना जुनं वाटत नाही. त्यातल्या निम्म्या भानगडी एका फोनवर मिटल्या असत्या, फोन नाही म्हणून तर मजा.

दुसरं, सुट्टी लागली की पुस्तकातली मुलं गावच्या वाड्यात का जातात? तिथे विहीर असते, भुयार असतं, एक गूढ म्हातारा असतो. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये. आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहतो, माझी बेस्ट फ्रेंड बदलापूरला गेली, आणि जुन्या घराची चावी अजून आईच्या पर्समध्ये आहे. तिथे आता घरच नाही. यात कादंबरी नाही का? भुयार कशाला हवं?

तिसरं, लायब्ररीत मालिकेचा पहिला भाग कधीच का नसतो?

तुम्ही पहिली कादंबरी कुठली वाचली, हाती कशी लागली, कुठे बसून वाचली, सगळं लिहा. टाकून दिलेलीही सांगा, इथे कोणी मार्क देणार नाहीये.

गिरगावकर आजोबा

बाळ, आमच्या चाळीत एकाच घरी चांदोबा यायचा आणि तो मजलाभर फिरायचा. माझ्यापर्यंत येईस्तोवर मुखपृष्ठ गेलेलं असायचं आणि विक्रम-वेताळाच्या पानावर कोणीतरी कोडं सोडवलेलं असायचं. वाचायची जागा म्हणजे गॅलरीच्या टोकाचा सार्वजनिक दिवा. घरातला दिवा दहाला बंद व्हायचा, वडिलांची सकाळची पाळी.

मोठी माणसं नकोत म्हणतेस ते मला पटत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आम्हाला ते वर्गात बाईंनी वाचून दाखवलं. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला जप, हे आई सांगते तिथे बाईच थांबल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. आमच्यातला सगळ्यात दांडगट मुलगा दप्तरात तोंड घालून बसला होता. त्या पुस्तकातून आई काढलीस तर उरेल काय?

कन्नमवारनगरची आठवी

आजोबा, त्यातली आई मलाही आवडते. ती खरी आहे, चिडते, पाठीत धपाटा घालते. मला कंटाळा येतो तो तिच्यासारखी आई दुसऱ्या लेखकांनी घातली की. त्या नुसत्या चांगल्या असतात.

लेडीज डबा, बोरिवली स्लो

माझा मुलगा पाचवीत. घरात मी हौसेने आणलेल्या पुस्तकांचं कपाट आहे आणि साहेब वाचतात काय, तर ‘विम्पी किड’. तेही तेच तेच. जेवताना, बाथरूममध्ये, क्लासच्या पायऱ्यांवर. पानावर चार ओळी आणि एक काडीचं माणूस. सगळे म्हणतात वाचतोय ना, मग वाचू दे. मी वाचू देते, हिसकावून घेत नाही. पण मला ते आवडत नाही, अजूनही नाही. तो मुलगा स्वार्थी आहे, मित्राला फसवतो आणि पुस्तक त्याला काही म्हणतच नाही.

ठाणे फास्ट (सातवी अ)

काकू, म्हणून तर वाचतो आम्ही. बाकी सगळे आम्हाला काहीतरी म्हणतच असतात.

परत परत वाचण्याचं कारण असं की पहिल्यांदा वाचताना पुढे काय होणार याचं टेन्शन असतं. दुसऱ्यांदा नसतं, मग जोक नीट कळतात.

मी अर्धवट टाकलेली : एक ऐतिहासिक कादंबरी, वाढदिवसाला मिळालेली. पहिल्या प्रकरणात सूर्योदय झाला आणि तो पुढची सहा पानं चालूच होता.

परळ, संध्याकाळचा ग्रंथपाल

मी एका छोट्या वाचनालयात बालविभाग बघतो. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. मालिका सुरू करणारे सगळे पहिला भाग नेतात, पुढे जाणारे थोडे. त्यामुळे तोच फाटतो, तोच हरवतो, आणि अनुदानाच्या खरेदीत मालिकेतलं सुटं पुस्तक मागवलं तर विक्रेता अख्खा संच घ्या म्हणतो. मी आता पहिला भाग टेबलाच्या खणात ठेवतो आणि मागेल त्यालाच देतो. तुमच्याकडेही काउंटरवर विचारून बघ.

बाकी निरीक्षणं. मुलं पुस्तक निवडताना नाव वाचत नाहीत. मधलंच पान उघडतात, टाईप किती मोठा, संवाद किती ते बघतात. सलग परिच्छेद दिसला की पुस्तक परत मांडणीवर. आईवडील मात्र मागचं पान वाचतात आणि ‘संस्कारक्षम’ दिसलं की घेतात. ते पुस्तक पुढच्या आठवड्यात जसंच्या तसं परत येतं. न वाचलेलं पुस्तक मला हातात घेतल्यावरच कळतं, त्याचा कणा उघडताना कटकन वाजतो.

एका सहावीतल्या मुलीला फेलूदा या बंगाली गुप्तहेराचं पुस्तक दिलं होतं. सत्यजित राय यांच्या त्या कथांचे अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद आमच्याकडे आहेत. फेलूदाचा लेखक मित्र जटायू, त्याच्या कादंबरीवर मुंबईत सिनेमा निघतो, ती गोष्ट. दोन दिवसांत परत आली, पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हणाली, ‘याला आपली मुंबई कशी माहीत?’ रागावली होती की खूश होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पुढचा भाग घेऊन गेली.

15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाबद्दल बोलायचं तर त्या आठवड्यात आमच्याकडे रांग लागते. शाळेत परीक्षण द्यायचं असतं. मुलं पातळातलं पातळ पुस्तक मागतात.

हार्बर लाइन

घरात पुस्तक म्हणजे अभ्यासाचं. दहावीपर्यंत अवांतर शून्य. कॉलेजला चेंबूरहून सीएसएमटीला जायचो, मित्राने ‘तोत्तोचान’ दिलं, एका जपानी मुलीच्या शाळेची गोष्ट, मला वाटलं लहान मुलांचं आहे, कोणी बघितलं तर? म्हणून वर्तमानपत्रात घालून वाचलं. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा! मी लोकलच्या डब्यात उभा, तोंड समोरच्याच्या बॅगेत, आणि ती पोरगी डब्यात बसून खिडकीतून झाडं बघतेय. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. माझं दहा वर्षांत सगळ्या सरांनी मिळून तेवढं ऐकलं नसेल.

वडाळ्याला बसायला मिळालं तरी मी उभाच राहिलो होतो, लक्षातच आलं नाही.

मुलुंडची आई

माझ्या मुलीला अक्षरं जुळवायला त्रास होतो, डिस्लेक्सिया आहे. ती कादंबऱ्या ऐकते. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या ॲपवर मराठी बरंच आहे. नातेवाईक म्हणतात, हे काही वाचन नव्हे. तुम्ही काय म्हणता?

ठाणे फास्ट (सातवी अ)

वाचन धरायचं. शेवट आधी बघता येत नाही, म्हणजे जास्तच कठीण.

गिरगावकर आजोबा

आम्हीही ‘श्यामची आई’ ऐकलंच होतं की.

लेडीज डबा, बोरिवली स्लो

ऐकलेली गोष्ट मुलीला सांगता येते का ते बघा. माझ्याला वाचलेली येत नाही!

मुलुंडची आई

सांगते. आवाज काढून सांगते. रात्री अकराला.

माटुंगा, फूटपाथ

ज्यांना बजेटची अडचण आहे त्यांच्यासाठी. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे 1971 पासूनचे अंक बालभारतीने फुकट ऑनलाइन ठेवलेत, फोनवर उघडतात. त्यातल्या जुन्या क्रमशः कादंबऱ्या शोधा. छापील हवं तर किंग्ज सर्कलला जुनी पुस्तकं मिळतात. इंग्रजी ढिगाने, मराठी खालच्या थरात, वाकून शोधावं लागतं. माझा नेहमीचा पुस्तकवाला वाचून परत आणलं की निम्मे पैसे देतो, फक्त पानं दुमडलेली नकोत. पावसाळ्यात जाऊ नका, ताडपत्री घातलेली असते आणि तो काढू देत नाही.

कन्नमवारनगरची आठवी

काका, फेलूदाचा तो मुंबईवाला भाग दिसला तर बाजूला ठेवायला सांगाल का? मी रविवारी येते. आणि सातवी अ, सूर्योदयवाल्या कादंबरीचं नाव इथे नको, पण मावशीला सांग. तिने मला तीच आणलीये असं वाटतंय.