फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही चालू आहेत, 15 व्या वर्षी एक सोडावा का?

विजयनगरवाला: मुलगा 15 वर्षांचा. फुटबॉलमध्ये मिडफिल्डर, बास्केटबॉलमध्ये गार्ड. चार दिवस मैदान, तीन दिवस इंदूरच्या रेसकोर्स रोडवरचं बास्केटबॉल कॉम्प्लेक्स. महिनाभर गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतंय, दाबलं की जास्त. दोन्ही कोच म्हणतात, आमचाच खेळ धर. पण अमेरिकेचा खेळाडू अँटोनिओ गेट्स दोन्ही खेळूनच मोठा झाला ना?

पोस्ट_प्लेअर: गेट्सचं उदाहरण इथे लागू पडत नाही. केंट स्टेट विद्यापीठाकडून तो बास्केटबॉल खेळला आणि 2003 मध्ये चार्जर्स संघाकडे गेला तो अमेरिकन फुटबॉलसाठी, जिथे चेंडू हातानं झेलतात. रिबाउंडला, म्हणजे बास्केटवरून परतलेला चेंडू पकडताना, प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन जागा अडवायची सवय टाइट एंडला (अमेरिकन फुटबॉलमधली त्याची जागा; पास झेलणं आणि अडवणं दोन्ही) थेट उपयोगी पडते. दुसरा टाइट एंड टोनी गोंझालेझ, त्याचंही तसंच. आपल्या फुटबॉलसाठी एनबीएचा (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) हकीम ओलाजुवॉन बघा. लागोसमध्ये तो हँडबॉल खेळायचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. बास्केटबॉलकडे वळला किशोरवयात. त्याचं फूटवर्क तिथूनच आलं.

मैदानी: आधी गुडघा ऑर्थोपेडिकला दाखवा. वाढत्या वयात मांडीचा स्नायू वाटीखालच्या हाडाला ओढत राहतो, त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. तेच असण्याची शक्यता बरीच आहे. तोवर उड्या बंद, पासिंग आणि फ्री थ्रो चालतील.

खरी चूक खेळ दोन असण्यात नाही, सातही दिवस भरलेत त्यात आहे. प्रत्येक कोच फक्त स्वतःचे तास मोजतो, बेरीज कुणीच करत नाही. ढोबळ नियम असा: वय जितकं, आठवड्याचे तास त्याहून कमी. यात सामने आणि शाळेचा पीटीही धरा. एक दिवस पूर्ण सुट्टी. उड्यांच्या दोन सत्रांत 48 तासांचं अंतर. बुटांकडेही बघा. पावसानंतर आपली माळव्याची काळी माती वाळून दगड होते, लांब स्टड रुतत नाहीत आणि सगळा मार टाचेवर व गुडघ्यावर येतो. तिथे बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ शूज घाला. कोर्टवर रनिंग शूज नकोत. दिशा बदलताना बाजूनं आधार मिळत नाही, घोटा मुरगळतो.

पोस्ट_प्लेअर: वॉर्मअप फिफा 11+ चाच (दुखापती टाळण्यासाठीचा फिफाचा ठरलेला व्यायामक्रम) ठेवा, साधारण 20 मिनिटं, दोन्ही खेळांआधी. उडीनंतर उतरताना गुडघे आत वळतात का, ते मोबाइलवर समोरून शूट करून बघा. वळत असतील तर ते सुधारेपर्यंत लेअपचा (धावत येऊन उडी मारून बास्केट करण्याचा) सराव वाढवू नका.

मैदानी: जुलै ते सप्टेंबर मैदान चिखलाचं असतं, तेव्हा कोर्ट तीन दिवस, फुटबॉल एकच. नंतर उलट. आठवड्याचा हा तक्ता दोन्ही कोचना एकाच वेळी पाठवा. खेळ निवडायची घाई 17 पर्यंत नको.