ट्रॉलीचा एक्सल किती खेपा टिकेल, हे आधी काढता येतं का?

फैजपूरचा वेल्डर
राम राम मंडळी. सावदा रस्त्याला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी दिलेल्या ट्रॉलीचा एक्सल परवा मधोमध तुटला. केळीच्या घडांसकट ट्रॉली रस्त्यातच बसली आणि गिऱ्हाईक माझ्या दारात. बार 75 मिमी चौकोनी, ईएन-8 (मध्यम कार्बनचं साधं पोलाद). हिशोबात तो 8 टनालाही दुपटीनं पुरतो. केळीच्या वर्षाला 200 खेपा, ट्रॉलीसकट 4 टन. उन्हाळ्यात मुरमाच्या 40, त्या 8 टनाच्या. सरासरी पावणेपाच टनही होत नाही. मग तुटला का? आता ईएन-24 (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) लावू का?

भुसावळकर काका
भाऊ, सरासरी काढली तिथंच चुकलं. मी रेल्वेत एक्सल तपासण्यात जन्म घालवला. रेल्वेचा एक्सल चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे दर फेऱ्याला एकदा ताण, एकदा दाब. जर्मनीत व्होलर ह्या इंजिनिअरनं 19व्या शतकात ह्याच रेल्वे एक्सलवर प्रयोग करून ताण आणि आवर्तनं (ताण चढून उतरण्याच्या फेऱ्या) ह्यांचं नातं दाखवलं. तुमचा एक्सल फिरत नाही. त्याला आवर्तनं देतात खड्डे.

आता खेपांचं बघा. वेल्डिंगच्या जोडाला ताण दुप्पट झाला की आयुष्य साधारण आठवा हिस्सा उरतं (घन लागतो). म्हणजे मुरमाची एक खेप केळीच्या आठ खेपांइतकी. 40 आठे 320, अन् केळीच्या 200. रस्ता तोच धरला तरी वर्षभराच्या झिजेत 60 टक्क्यांहून जास्त वाटा मुरमाचा! ही अशी बेरीज करायची रीत पामग्रेननं 1924 मध्ये आणि मायनरनं 1945 मध्ये सांगितली. प्रत्येक लोडानं आयुष्याचा किती भाग खाल्ला ते मिळवत जायचं, बेरीज 1 झाली की संपलं.

ईएन-24 चा पैसा वाचवा. वेल्डच्या कडेला चीर सुरू झाली की भारी पोलाद तिला फारसं अडवत नाही. पण आधी सांगा, तुटलेला तुकडा भंगारात तर नाही ना टाकला?

धुळ्याचा मास्तर
काकांच्या हिशोबात एक खोच आहे. बेरीज 1 झाली की तुटणार हे कागदावर. जड लोड आधी आला की हलका, ह्याचाही फरक पडतो आणि मायनरच्या नियमाला क्रम कळत नाही. म्हणून वेल्डिंगला मर्यादा बऱ्याचदा 0.5 च धरतात.

आणि खड्ड्यांची आवर्तनं मोजायची कशी? एक्सलला स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) चिकटवून खेपेची नोंद घ्यायची. वेड्यावाकड्या रेषेतून पूर्ण आवर्तनं वेगळी काढायची 'रेनफ्लो' पद्धत 1968 मध्ये जपानमधल्या मात्सुइशी आणि एंडोनं दिली. आलेख उभा धरून त्यावरून पावसाचं पाणी पागोळ्यांसारखं कसं ओघळेल ते बघायचं. आपली धाब्याची घरं, तेव्हा कोकणातलं छप्पर डोळ्यापुढे आणा.

फैजपूरचा वेल्डर
काका, तुकडा दुकानातच होता. तुटलेल्या अंगावर अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, गंजलेला, त्यावर शिंपल्यासारख्या रेघा. उरलेला खरखरीत, चकाकता. रेघा खालच्या अंगाच्या एका ठिकाणापासून निघतात. तिथं जॅक टेकवायला पट्टी वेल्ड केलेली आहे. ती माझी नव्हे! मी पट्टी कधीच लावत नाही. गिऱ्हाइकानं दुसरीकडून करून घेतली.

भुसावळकर काका
झालं मग. भार वरून, चाकं टोकाला, म्हणजे सगळा ताण खालच्याच अंगाला, आणि बरोबर तिथंच वेल्ड. गुळगुळीत भाग एवढा मोठा म्हणजे चीर पुष्कळ दिवस वाढत होती. तेव्हाच कोणी वाकून पाहिलं असतं तर दिसली असती. नवा एक्सल तोच ईएन-8 लावा. जॅकसाठी वेल्ड नको, पाट्यांच्या यू-बोल्टखाली बैठक घ्या.

फैजपूरचा वेल्डर
घेतो. गिऱ्हाइकाला मुरमाचं कोण सांगणार, तेवढं सुचवा.