बिल्ला, टोकन की खुर्दा?

सिनसिनाटीकर:
इथल्या जुन्या बाजारात तांब्याची एक चकती मिळाली. सेंटएवढीच. एका बाजूला पिसांची टोपी घातलेलं डोकं आणि १८६३, अगदी खऱ्या सेंटसारखं. मागे 'नॉट वन सेंट', त्यातलं 'नॉट' इतकं बारीक की भिंग काढावं लागलं. यादवी युद्धात अमेरिकेतल्या लोकांनी नाणी दडवली, १८६२ मध्ये सुट्ट्यांची बोंब झाली, तेव्हा दुकानदारांनी स्वतःच असे तुकडे पाडून घेतले. याला मराठीत काय म्हणावं? घरी 'बिल्ला' म्हटलं तर आई म्हणाली, "हमालाचा का?"

रेजगी:
आईंचं बरोबर आहे. बिल्ला माणसाची ओळख सांगतो, हमाल असो वा चपराशी. तो देऊन पावशेर साखर येत नाही. मी सरळ 'टोकन' लिहीन. बँकेतलं पितळी टोकन आठवा: खिडकीत परत दिलं की हातात पैसे. नेमका तोच व्यवहार.

टांकसाळ:
बँकेच्या टोकनामागे बँक असते हो. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्याने दहा लाखांवर टोकनं बाजारात सोडली. थर्ड ॲव्हेन्यूच्या ट्राम कंपनीकडे भाड्यापोटी त्यांचा ढीग जमला. बदलून मागितली, तर गड्याने चक्क हात वर केले! १८६४ मध्ये सरकारने कायदा करून खासगी नाणी बंदच केली. म्हणून 'खासगी नाणं' म्हणा.

रेजगी:
नाणं नको. ते बारीक 'नॉट' कोरलं ते कशाला? उद्या कोणी पकडलं तर "आम्ही कुठे सेंट म्हणालो" असं सांगायला. आणि आपण त्याला नाणं म्हणून मोकळे व्हायचं?

आजीचा नातू:
आजी सुट्ट्यांना 'खुर्दा' म्हणायची. "रुपयाचा खुर्दा आण." आता फक्त शत्रूचा खुर्दा उडतो. तिच्या डब्यात भोकाचा पैसाही होता, १९४३ चा. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला सरकारने काढलेला. नवानगर, मोरवी संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कॅश कूपनं छापली. ती दुकानदाराच्या टोकनांत धरायची का?

रेजगी:
नाही, ती संस्थानची. कूपनच म्हणा.

सिनसिनाटीकर:
मग टोकन. आणि वाणी सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट देतो, ते?

रेजगी:
ते टोकन नव्हे. दुसऱ्या दिवशी तोच वाणी ते परत घेत नाही. मी देऊन बघितलंय.