राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांत पदवी घेण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

बालाघाट (अंबाजोगाई)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी लातूर येथे बारावी विज्ञान शाखेत शिकत आहे. लातूरला मुले ज्या हेतूने पाठवली जातात, त्याच हेतूने आम्हीही तिला पाठवले होते. परंतु आपल्याला वैद्यकीय प्रवेशाकडे जायचे नसून राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांचा अभ्यास करायचा आहे, असे तिने पूर्ण विचाराअंती आम्हाला सांगितले आहे आणि आम्हा दोघांचाही तिला पाठिंबा आहे. अडचण एवढीच आहे की, आमच्या नात्यागोत्यात हा विषय शिकलेले कोणीही नाही. पदवीसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड पुरेसे आहे, की पुण्या-दिल्लीचा विचार करावा? पदवीच्या नावातच ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ असणे आवश्यक आहे काय? तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून इंग्रजी ग्रंथ वाचण्याची सवय तिला नाही. खासगी विद्यापीठांचे शुल्क आम्हाला परवडणारे नाही, हेही नमूद करतो.

गोदातीर (नांदेड)

नमस्कार. मराठवाड्यातील एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला. सर्वप्रथम आपल्या मुलीचे अभिनंदन करतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना दुसरीकडे प्रवेश मिळालेला नसतो. हा विषय स्वतः निवडून येणारा विद्यार्थी वर्गात असला, तर शिकवणाऱ्यालाही हुरूप येतो.

पदवीच्या नावाचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात स्वतंत्र बी. ए. देते, परंतु सार्वजनिक विद्यापीठांत अशी उदाहरणे थोडी आहेत. या विषयासाठी सर्वाधिक नावाजलेली दिल्लीतील आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली, १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली आणि तेथील शिक्षण पदव्युत्तर पातळीपासून सुरू होते. म्हणजे राज्यशास्त्रात भक्कम बी. ए. करून नंतर आंतरराष्ट्रीय संबंधांकडे वळणे हाच रुळलेला मार्ग आहे. पुण्याच्या गोखले संस्थेच्या नावात ‘राज्यशास्त्र’ असले तरी ती प्रामुख्याने अर्थशास्त्राची संस्था आहे, हेही अर्ज भरताना ध्यानात असू द्यावे.

राज्यशास्त्र आधी का, याचे उत्तर आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात सापडते. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाने भारताविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे पाठवली. १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे परिषदेपुढे तो विषय आला, तेव्हा भारतीय सैन्य १३ तारखेपासूनच संस्थानात शिरलेले होते आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. निजामाने पुढे तक्रार मागे घेतल्याचे कळवले, तरीही हा विषय परिषदेच्या विचाराधीन विषयांच्या यादीत दीर्घकाळ राहिला. दरवर्षी आपण मुक्तिसंग्राम दिनाला ध्वजवंदन करतो. परंतु त्याच दिवसांत पॅरिसमध्ये कोणता वाद चालला होता, हे आमच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसते, याची मला खंत वाटते.

त्या वादाचा गाभा पाहा. हैदराबाद हे ‘राज्य’, म्हणजे स्वतंत्र देश, होते काय? असेल, तर संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नसलेल्या राज्यालाही त्यांच्या सनदेच्या पस्तिसाव्या कलमान्वये आपला तंटा परिषदेपुढे मांडता येतो. नसेल, तर तो भारताचा अंतर्गत प्रश्न ठरतो आणि दुसऱ्या कलमातील सातवा परिच्छेद संयुक्त राष्ट्रांना अशा प्रश्नात हस्तक्षेप करण्यास मनाई करतो. भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी मांडली, तर हैदराबादची मोईन नवाज जंग यांनी. ब्रिटिशांची अधिसत्ता संपल्यावर सार्वभौमत्व कोणाकडे गेले, भारत आणि हैदराबाद यांच्यातील नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारामुळे ते सिद्ध होते की नाकारले जाते, बहुसंख्य प्रजेची इच्छा आणि राजाचा दावा यांत तोलायचे कसे, हे सगळे प्रश्न मुळात राजकीय सिद्धांताचे आहेत. ज्याने सार्वभौमत्व, वैधता आणि प्रतिनिधित्व या संकल्पना नीट अभ्यासलेल्या नाहीत, त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे देशांच्या बातम्यांची बेरीज होऊन बसते. म्हणूनच पहिल्या दोन वर्षांत राजकीय विचार, संविधान आणि तौलनिक राजकारण यांत घालवलेला वेळ तिने वाया गेला असे समजू नये.

महाविद्यालयाबाबत सांगायचे, तर संभाजीनगरचे मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडचे पीपल्स कॉलेज या दोन्ही संस्थांचा आरंभ १९५० चा आहे, पहिलीमागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दुसरीमागे स्वामी रामानंद तीर्थ उभे होते. नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. एवढा वारसा असला, तरी प्रवेश वारशावर घेऊ नये. प्रत्यक्ष जाऊन राज्यशास्त्र विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, तासिका नियमित होतात काय, हे तेथील द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयासोबत दुय्यम विषय निवडावा लागतो. तो शक्य असल्यास अर्थशास्त्र असावा.

सचखंड (परभणी, सध्या दिल्ली)

गोदातीर सरांच्या प्रतिपादनाशी मी सहमत आहे. परभणीहून दिल्लीला येऊन येथील विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्राची पदवी घेतली, त्या अनुभवातून काही व्यावहारिक बाबी मांडतो.

दिल्ली विद्यापीठासह केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश २०२२ पासून ‘सीयूईटी’ या सामाईक परीक्षेतून होतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यालाही कला शाखेच्या पदवीसाठी पात्र होता येते. मात्र कोणते विषय निवडून परीक्षा द्यायची, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात आणि ते दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या माहितीपत्रकातूनच तपासावे लागतात. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत भरावा लागत असल्याने पालकांनी या तारखांवर स्वतः लक्ष ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गुण चांगले असूनही केवळ अर्ज न भरल्यामुळे मागे राहिलेली आपल्याकडची मुले मी पाहिली आहेत.

दिल्लीत शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च जड जातो आणि वसतिगृहातील जागा प्रत्येकाला मिळत नाही, याचा हिशेब आधी मांडावा. तो जुळत नसेल, तर पदवी आपल्याकडे आणि पदव्युत्तर शिक्षण दिल्ली किंवा हैदराबादला, हा क्रमही उत्तम आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. पुण्यात फर्ग्युसनसारखी जुनी महाविद्यालये आहेत, मात्र राहण्याचा खर्च तेथेही लक्षात घ्यावा लागेल.

इंग्रजीची अडचण खरी आहे, परंतु ती सुटणारी आहे. पहिल्या सत्रात मला वर्गातील चर्चा कळत असे, नेमून दिलेले निबंध मात्र कळत नसत. त्यावर उपयोगी पडलेला उपाय असा की, प्रत्येक प्रकरण आधी एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या राज्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात वाचायचे, मग इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असलेल्या पाठात वाचायचे आणि त्यानंतरच मूळ निबंधाला हात घालायचा. वाचून झाल्यावर लेखकाचा युक्तिवाद मराठीत पाच-सहा ओळींत लिहून काढायचा. जे मराठीत मांडता येत नाही ते आपल्याला समजलेलेच नाही, ही कसोटी मी आजही वापरतो.

बालाघाट (अंबाजोगाई)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही उत्तरे मुलीने वाचली असून तिने आणखी दोन प्रश्न विचारण्यास सांगितले आहे. परकीय भाषा पदवीच्या काळातच सुरू करावी काय? आणि अर्थशास्त्र घेण्यावर सरांचा भर का आहे? उपजीविकेचा प्रश्न माझा स्वतःचा आहे. आडवळणाने विचारण्यापेक्षा सरळच विचारतो: या शिक्षणानंतर नोकरी मिळते काय?

गोदातीर (नांदेड)

अर्थशास्त्राचे उत्तर आपल्याला लातूरच्या आडत बाजारातच मिळेल. भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला आणि २०२१ मध्ये म्यानमार व मलावी यांच्याशीही तसे करार झाले. शहरातील ग्राहकाला डाळ स्वस्त मिळावी, आफ्रिकेतील देशांशी मैत्री वाढावी आणि आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा, ही तीन उद्दिष्टे एकाच वेळी साधत नाहीत. त्यांपैकी कोणाला झुकते माप द्यायचे, हा परराष्ट्र धोरणाचाही प्रश्न आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा त्याचा संबंध आपल्या सोयाबीनच्या बाजाराशी कसा जोडला जातो, हे आयात शुल्क आणि तेलबियांचे अर्थकारण समजल्याशिवाय सांगता येणार नाही. मराठवाड्यातून आलेल्या विद्यार्थिनीने असा विषय हाती घेतला, तर दिल्लीतील प्राध्यापकही तिचे लक्षपूर्वक ऐकतील, याची मला खात्री आहे.

भाषेबाबत: पदवीच्या दुसऱ्या वर्षी एक परकीय भाषा अवश्य सुरू करावी. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात चांगली सोय आहे. याखेरीज तिने उर्दू लिपी शिकावी, असे मी सुचवेन. आपल्या गावोगावी उर्दू जाणणारी माणसे आहेत आणि निजामकालीन कारभाराची असंख्य कागदपत्रे उर्दू व फारसीत असून ती हैदराबादच्या अभिलेखागारात जपलेली आहेत. मराठी, उर्दू आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतून हैदराबादचा प्रश्न वाचू शकणारे अभ्यासक आपल्याला हवे आहेत.

सचखंड (परभणी, सध्या दिल्ली)

उपजीविकेबद्दल स्पष्टपणे लिहितो. केवळ बी. ए. करून या विषयात चांगली नोकरी मिळणे अवघड आहे, किमान एम. ए. धरून पाच ते सहा वर्षांचा विचार करावा. त्यानंतर अध्यापनासाठी नेट परीक्षा, धोरणविषयक संशोधन संस्था, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था किंवा तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, असे मार्ग खुले होतात. परराष्ट्र सेवेची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतूनच होते आणि तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. त्या परीक्षेत ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय आहे आणि मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात. तरीही केवळ त्या परीक्षेसाठी ही पदवी घेऊ नये, कारण तेथील जागा फार थोड्या असतात आणि विषयाची गोडी नसलेल्याला ही वर्षे कोरडी वाटतात.

सध्या बारावीचा अभ्यास सांभाळून तिने संविधानाची मराठी प्रत आणि संयुक्त राष्ट्रांची सनद एवढेच वाचावे. सनदेत एकशे अकरा कलमे आहेत आणि बहुतेक लहान आहेत. पस्तिसावे कलम वाचून झाल्यावर १६ सप्टेंबर १९४८ च्या बैठकीचा इतिवृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर शोधावा, आणि काही अडल्यास तिने स्वतःच येथे प्रश्न विचारावा.